साहेबांवरचा आळ

आमच्या घरात कुत्र्यानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा कायदा माझा. सासूबाईंवर ढकलता आला असता, त्या काही उठून विचारायला येणार नाहीत. पण खरं ते सांगते. मी शहाद्याची, मॅट्रिक झालेली. लग्नात आणलेल्या ट्रंकेत साड्यांबरोबर स्वच्छताही घडी घालून आणली आहे, अशी माझी समजूत होती. मी येण्याआधी या गावात कुणी हातच धुतले नसतील, असं माझं ठाम मत. खळ्यातलं पिवळं कुत्रं ओसरीवर पाय ठेवायला आलं की मी खराटा घेऊन धावायचे. एकदा धावता धावता शेणाच्या पाटीत जाऊन बसले. कुत्रं लांब उभं राहून बघत होतं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "व्हयनी का स्वच्छता?"

पुढे मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असतानाच मी त्याला पायांवर बसवून शी-शी करायला लागले, आणि तो करायला लागल्यावर गल्लीभर सांगत सुटले की आमचं बाळ शिकलं. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पोऱ्या नही शिकना वं. त्याले कव्हय येस ते तू शिकनी." त्याला कधी लागते ते म्हणे मी शिकले. मला राग आला होता. मॅट्रिक झालेल्या बाईला असलं कुणी बोलतं का?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आणखी एक कुत्रं, खूप वर्षांनी घरात आलेलं. ते आता मोठं झालंय. मी हे लिहितेय आणि ते यांच्या खाटेखाली पडलंय. खाट रिकामी आहे. यांना जाऊन दुसरा उन्हाळा लागला.

हे कारखान्यात वजनकाट्यावर होते. जन्मभर उसाच्या गाड्या आत घेतल्या आणि बाहेर काढल्या. सेवानिवृत्त झाल्यावरही हंगामात मळीचा वास आला की यांचं चित्त घरात लागायचं नाही. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात तसाच राहिला, आणि डोक्यातही कुठेतरी काहीतरी सैल झालं. जेवल्यावर तासाभरानं विचारायचे, आज जेवण नाही का? मी म्हणायचे, आत्ताच झालं. ते म्हणायचे, बरं. हा माणूस पूर्वी एवढ्यावर गप्प बसणारा नव्हता.

त्या वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि ऊसतोडीची माणसं सातपुड्यात आपापल्या पाड्यांवर परतली. त्यांच्या झोपड्या निघाल्या, मागे नुसतं पाचट राहिलं. हे काठी टेकत तिथवर फिरून आले, ते उपरण्यात काहीतरी गुंडाळून.

"हाई काय?"

"कुत्रं."

"ते दिसस मले. घरमा कसाले?"

"पाचटमा रडी ऱ्हायनं व्हतं. रातले बाहेर ठेवं तं बिबट्या लई जाई."

बिबट्याचं खरं होतं. आमच्याकडे उसात बिबटे आता बिऱ्हाड करूनच राहतात. आमच्या मळ्यात जो सालदार आहे, त्याची दोन कुत्री मागच्याच हंगामात गेली. एकाचा तर पट्टा तेवढा बांधावर सापडला. तेव्हा मी म्हटलं, एक रात्र राहू दे. यांनी मान डोलावली. एवढ्या सहज यांनी मान डोलावली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पिल्लाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. हे त्याला साहेब म्हणायचे. कारखान्यात वरून कुणी तपासणीला आलं की सगळीकडे नाक खुपसायचं, काही समजायचं नाही आणि चहा पिऊन जायचं. याचंही तसंच, म्हणून साहेब. झटक्यानंतर हे माणसांशी कमी बोलायचे, शब्द सापडत नसत. साहेबांशी मात्र दिवसभर चालायचं. अमुक गाडीचं चुकवलेलं वजन कसं पकडलं होतं, तमुक गाडीवान कसा भांडला. साहेबांना शब्द सापडला नाही तरी चालायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. हा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

तेव्हा कायदा बदलला. साहेब घरात राहणार; पण घरात घाण करणार नाहीत. ती जबाबदारी मी घेतली. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची कोवळी पोर. मला वाटलं, पोरगा शिकवला, हे काय मोठं?

खायला दिलं की उचलायचं, अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवायचं आणि शू-शू करत उभं राहायचं. गल्लीतून जाणारे लोक थांबायचे. साहेब पान हुंगायचे, मुंगी बघायचे, माझ्या पायावर बसायचे. बाकी काही नाही. मी कंटाळून आत आणलं की सरळ देवघराच्या कोपऱ्यात जायचे आणि तिथे करायचे. कोट्याच्या फरशीवर, देवांच्या डोळ्यांसमोर.

आता आमच्याकडे घरात विटाळ झाला की काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. फडताळात गोमूत्राची बाटली असतेच. मी कोपरा पुसायची, पाण्यानं धुवायची आणि वर गोमूत्र शिंपडायची. देवांची क्षमा मागायची. संध्याकाळी साहेब पुन्हा तिथेच. मी पुन्हा पुसायची, आणि या वेळी थोडं जास्त शिंपडायची, कारण पाप वाढलं तसं शुद्धीकरणही वाढायला हवं. बाटली संपली. गल्लीतल्या एका गाईखाली तांब्या धरून ताजं आणलं. साहेबांचा उत्साह दुणावला. आता ते अंगणातून धावत येऊन त्या कोपऱ्यात करायचे, जसं काही एवढा वेळ धरून ठेवलं होतं ते यासाठीच.

शेजारची सून ताक मागायला आली होती, तिनं माझा सगळा सोहळा पाहिला. पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

"काय झालं वं?"

"काकू, त्याले वाटस तठे रोज दुसरं कोनीतरी मुती जास. मंग तो बी आपली हजेरी लावस."

मी बाटलीकडे बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं. एवढे दिवस मी त्या मुक्या जिवाला हातानं जागा दाखवत होते की बाबा, मोरी ही इथे आहे. आणि वर त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीनं मारत होते. ट्रंकेतली स्वच्छता अजून उतरली नव्हती, दुसरं काय.

मग कोपरा सोड्यानं घासून काढला आणि उरलेलं सगळं गोमूत्र कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. झाड पवित्र झालं आणि पिल्लू शहाणं. साहेब दाराशी जाऊन नखांनी कडी वाजवायला शिकले. म्हणजे खरं तर त्यांनी नखं वाजवली की उठायला मी शिकले. हे खाटेवरून म्हणाले, "साहेब पास व्हयनात." यांच्या तोंडावर हसू होतं. तेवढे आठ-पंधरा दिवस बरे गेले.

त्यानंतर यांच्या खाटेजवळ ओलं सापडायला लागलं. सकाळी, कधी दुपारी झोपून उठल्यावर. मी विचारायच्या आत हे सांगायचे, "साहेबनी करं." मला आश्चर्य वाटायचं. बाहेर जायला शिकलेलं पिल्लू पुन्हा मागे कसं गेलं? मी त्याचं नाक जवळ नेऊन दाखवायची, सुरळी उगारायची. ते कान पाडून माझ्याकडे बघायचं. मुलगा नंदुरबारला नोकरीला आहे, रविवारी येतो. त्यालाही मी कौतुकानं 'शिकलं' म्हणून सांगून बसले होते, ते परत घ्यावं लागलं. तो म्हणाला, "माय, तुन्ही कंबर गयी वाकीसन फरशा पुसी-पुसी. अजून महिनाभर दखू. नही तं मळामा देऊ सालदारले." मळ्यात दिलेलं कुत्रं किती रात्री टिकेल हे त्यालाही माहीत होतं. तो वाईट नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आईची कंबर होती. कुत्र्याची मान नव्हती, एवढंच.

एका दुपारी मी ओसरीवर तूर निवडत बसले होते आणि साहेब माझ्या मांडीला मांडी लावून झोपले होते. मी उठेपर्यंत ते हलले नाहीत. मी त्यांना काखेत मारून आत गेले, तर खाटेखाली ताजं ओलं. धोतराचा सोगाही ओला. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते, पाठीवरून कळतं मला.

"साहेबनी करं," भिंतीला म्हणाले.

साहेब माझ्या काखेत होते. कोरडे, गरम, अर्धवट झोपेत.

अशा वेळी शहाणी बायको काय करते ते मला माहीत नाही. ज्या माणसानं वजनकाट्यावर चाळीस वर्षं कुणाचं किलोभर खोटं चालू दिलं नाही, तो भिंतीशी खोटं बोलत होता. मी काखेतल्या पिल्लाला म्हटलं, "काय रे गाढवा, लाज नही वाटस?" यांची पाठ थोडी सैल झाली. मी फडकं आणलं. धोतर बदलताना म्हटलं, बघा, तुमच्यावरही उडवलं त्यानं. ते म्हणाले, "हा ना."

तेव्हापासून हे रोजचं झालं. ओलं दिसलं की मी साहेबांना रागवायची, मोठ्यानं, खाटेपर्यंत जाईल असं. मारणं बंद केलं होतं. पण आवाजही लागतो. पिल्लू बिचारं बाहेर सगळं नीट करून यायचं आणि आत बोलणी खायचं. हळूहळू मी फडकं हातात घेतलं की ते आपणहून खाटेखाली जाऊन अंग चोरून बसायला लागलं. जे शिकवायचं होतं ते शिकलं, आणि वर आणखी एक गोष्ट शिकलं, की या घरात नीट वागूनही उपयोग नसतो. ती मला शिकवायची नव्हती.

मुलाला सांगायचं का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस उलटा-सुलटा केला. सांगितलं असतं तर त्यानं बापाला गाडीत घालून नंदुरबारला नेलं असतं, नळ्या, पिशव्या, सगळं चांगल्या मनानं. आणि यांनी खाणं सोडलं असतं. मी ओळखते यांना. झटका आला तेव्हा दवाखान्यात नर्सनं भांडं लावलं, तर हे दोन दिवस पाणी प्यायले नव्हते.

महिना संपायची वाट बघावी लागली नाही. त्याच्या आधीच एका रविवारी मुलगा आत आला आणि खाटेजवळ मोज्यासकट त्याचा पाय ओल्यात पडला. तो एक पाय वर धरून उभा राहिला.

"आते बस," म्हणाला. ओसरीवर जाऊन रिकामी गोणी घेऊन आला. "आजच देऊन येतो. माय, तू काही बोलू नको."

साहेब खाटेखाली होते. मुलानं वाकून ओढलं तर ते ओरडलंसुद्धा नाही. त्याला सवय झाली होती. यांचा चांगला हात खाटेवरून खाली आला आणि पिल्लाच्या पाठीवर टेकला. मुलगा म्हणाला, "आप्पा, हात काढा." मी यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, बंद झालं. ओठ हलत होते. शब्द सापडत नव्हता की सापडलेला काढवत नव्हता, देव जाणे. मग यांनी हात उचलून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मुलगा गोणीचं तोंड बांधत असताना मी म्हटलं, "सोड त्याले. मी शे ते."

"काय मी?"

"कुत्रानी नही करं. मी करं. धरवत नही मले आते. आप्पांना उठवायला येते आणि मोरीपर्यंत पोचत नही."

माझा मुलगा पंचेचाळिशीचा आहे, कचेरीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तो गोणीची दोरी धरून उभा राहिला आणि त्याला कुठे बघावं कळेना. शेवटी त्यानं आपल्या ओल्या मोज्याकडे बघितलं, आणि तेही बरं नव्हे असं वाटून छताकडे बघितलं.

"मंग तू... इतला दिन कुत्राले..."

"मंग काय गल्लीमा दवंडी देऊ?"

त्यानं गोणी सोडली. साहेब बाहेर आले आणि लगेच खाटेखाली गेले. हे भिंतीकडेच बघत होते. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी वाट पाहिली, खोटं कशाला सांगू. तेव्हा नाही तर रात्री, रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी, एखादा शब्द. आला नाही.

मुलानं मला शहाद्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नसलेलं दुखणं सांगणं सोपं नसतं. खोकलं की होतं का? होतं. हसलं की? मी म्हटलं, हसायचं बंदच केलंय. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. गोळ्या मोरीत गेल्या. व्यायाम मात्र दोन दिवस केला. पैसे भरले होते. येताना मुलगा दुकानात एकटाच गेला आणि मोठ्या माणसांच्या डायपरचं एक मोठं पाकीट वर्तमानपत्रात, त्यावर काळ्या पिशवीत, असं चोरीचा माल आणावा तसं घेऊन आला.

मला तेच हवं होतं. घरी आल्यावर यांना म्हटलं, "पोऱ्यानी ढीग आनेल शे. मन्ही एकटीनी संपनार नही. एक तुम्ही घाला."

"तुन्हं शे ते."

"मंग जोडीनी घालू."

आणि यांना पटावं म्हणून पहिल्या दिवशी मीही लुगड्याच्या आत एक चढवलं. चालताना असा आवाज यायचा की साहेब माझ्या मागे मागे फिरले. हे हसले. झटक्यानंतर मी यांना असं हसताना एकदाच पाहिलं.

बाकी बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. कुणी सांगितली माहीत नाही. अशा बातम्यांना पाय असतात. शेजारची सून ताक मागायला आली की ओसरीवर माझ्याजवळ बसायची, ते तिनं सोडलं. लग्नाच्या पंगतीत माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली, दाराजवळ, "काकू, आठे बरं पडी तुम्हले." हळदीकुंकवाला सतरंजीवर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. मी मजा केली थोडी. एकदोघींच्या अगदी अंगाला लागून बसले आणि त्यांचे चेहरे बघितले. पण अशी मजा एकटीनं किती दिवस करणार? मग जाणं कमी केलं. घरी यांचं काम वाढतच होतं.

साहेब राहिले. त्यांना रागवणं मी बंद केलं, आता गरज नव्हती. तरी फडकं दिसलं की ते खाटेखाली जायचेच. पुष्कळ दिवस मी फडकं हातात घेऊन त्यांना भाकरीचा तुकडा दाखवला. तुकडा खायचे, आणि जायचे.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची सकाळ. रात्री यांनी ते पाकिटातलं काढून टाकलं होतं. खाटेवर, फरशीवर, सगळीकडे झालं होतं. मी कोमट पाणी आणलं, यांना पुसलं, कोरडे कपडे घातले, आणि गुडघे टेकून फरशी पुसायला बसले. हे खाटेच्या काठावर बसून बघत होते. बराच वेळ बघत होते. यांचं तोंड त्या दिवशी फार प्रेमळ होतं, लग्नानंतर पहिल्या वर्षी असायचं तसं, म्हणून मीच नजर चुकवली. मग चांगला हात माझ्या डोक्यावर आला.

"लाज नको धरू वं," म्हणाले. "वय व्हयनं तुन्हं. मी कोनले सांगनार नही."

मी वर बघितलं. त्या डोळ्यांत खोटं नव्हतं. पाठीवरून नाही, समोरून बघत होते मी. मुलाला सांगितलेलं माझं खोटं यांनी खरंच मानलं होतं. ज्या दिवशी मी शब्दाची वाट पाहत होते तो दिवस यांच्याजवळून कधीच निघून गेला होता, आणि मागे उरली होती ती फक्त यांची म्हातारी बायको, जिला धरवत नाही आणि जिला सांभाळून घ्यायला हवं.

"नका सांगू," मी म्हटलं.

यांनी हात तसाच ठेवला होता, म्हणून उरलेली फरशी मला मान न हलवता पुसावी लागली.